एका आकड्याची गोष्ट

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. या वयात इतक्या उशिरा फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं. कोण गेलं, हाच पहिला विचार. पण बातमी कुणाच्या जाण्याची नव्हती. आवाज मात्र रडून बसलेला होता.

"मावशी, झोपली होतीस का गं?"

"नाही गं. बोल."

मग तिने रिपोर्ट वाचून दाखवला. एफ. एस. एच. १७.८. भाची ४१ वर्षांची आहे. पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. लग्न ३७ व्या वर्षी झालं. गेली दोन वर्षं दोघं मूल व्हावं म्हणून वाट बघताहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आकडा चढलेला आहे, वेळ दवडू नका. "मावशी, आयुष्यात कधी नापास झाले नव्हते. आज पहिल्यांदा वाटलं, निकाल लागला."

मी तिला काय उत्तर दिलं ते नीट आठवत नाही. 'होईल सगळं नीट' असं काहीतरी गुळमुळीत बोलले असेन. फोन ठेवला आणि मग झोप लागेना. कारण माझ्या गोदरेजच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, लग्नातल्या शालूखाली एक प्लॅस्टिकची पिशवी आहे. तिच्यात एक रिपोर्ट आहे, १९९० सालचा. त्यावर हीच तीन अक्षरं आहेत आणि पुढे आकडा आहे २४. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही.

मी आयुष्यभर साताऱ्यात इतिहास शिकवला. एखादी गोष्ट उमगेना झाली की तिच्या आधी काय होतं ते शोधायचं, ही माझी जुनी खोड. तेव्हा ठरवलं, या आकड्याचाही इतिहास बघायचा. तो इतका विलक्षण निघाला की तुम्हालाही सांगितल्यावाचून राहवत नाही.

आधी आकडा नव्हता तेव्हाची गोष्ट.

आमच्या वाईजवळच्या घरात थोरली काकू होती. तिला मूल झालं नाही. दहाएक वर्षं वाट बघून काकांनी दुसरं लग्न केलं. मुंबई इलाख्यात द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ साली आला, हे लग्न त्याआधीचं. धाकटी काकू आली, आणि तिलाही मूल झालं नाही! आता एवढ्यावरून कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. पण नाही. दोघी पिंपळाला प्रदक्षिणा घालत राहिल्या, दोघी सोमवार धरत राहिल्या, आणि लोक म्हणत राहिले की दोन्ही बायका वांझ निघाल्या, बिचाऱ्याचं नशीबच फुटकं. घरातल्या प्रत्येक बारशाला घुगऱ्या शिजवायची थोरली काकू. बाळाची कुंची शिवायची तीच. पाळण्यात घालायची वेळ आली की मात्र ती आपण होऊन मागल्या दारी जाऊन उभी राहायची. तिला कुणी 'जा' म्हणत नसे. म्हणायची गरजच नव्हती.

वर्गात मी ३२ वर्षं संस्थानं खालसा कशी झाली ते शिकवलं. १८४८ साली आमचं साताऱ्याचं राज्य गेलं. औरस पुत्र नाही आणि मरताना घेतलेला दत्तक आम्हाला मान्य नाही, म्हणून. पाठोपाठ नागपूर आणि झाशी. झाशीच्या गंगाधररावांचा मुलगा तान्हेपणीच गेला होता. डलहौसीचं धोरण, कारणं, परिणाम, पाच गुणांचा प्रश्न. पोटी मूल नसणं ही बाब एखाद्या राज्याच्या मुळावर येऊ शकते, हे मी फळ्यावर लिहीत होते. पण त्या राण्यांना त्या दिवसांत काय काय ऐकावं लागलं असेल, हा प्रश्न मला १९९० पर्यंत पडला नाही. पुढे पडला, तेव्हा तो वर्गात विचारायची हिंमत झाली नाही.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी पुरुषाला बीज म्हटलं आणि बाईला क्षेत्र. बीज त्याचं, जमीन हिची. पीक आलं तर बीजाची करामत आणि नाही आलं तर जमीन नापीक! युरोपातही याहून फार वेगळं नव्हतं. हॉलंडमधल्या लेव्हेनहुकने १६७७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पुरुषबीज पाहिलं. सस्तन प्राण्याचं स्त्रीबीज पाहायला मात्र १८२७ साल उजाडावं लागलं. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाला ते एका कुत्रीच्या बीजांडकोशात दिसलं. मध्ये दीडशे वर्षं गेली. स्त्रीकडेही बीज असतं, ही गोष्ट डोळ्यांनी दिसून जेमतेम दोनशे वर्षं होताहेत.

त्यानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, १९२७ साली, बर्लिनमध्ये आपल्या आकड्याची गोष्ट सुरू होते. (त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. शरीराबद्दल मराठीत मोकळेपणाने लिहिणारा हा माणूस! इतिहासाच्या शिक्षकाला सनावळ्या जुळल्या की उगीच आनंद होतो, त्याला इलाज नाही.) सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या दोन डॉक्टरांना दिसलं की गरोदर बाईची लघवी न वाढलेल्या उंदरीला टोचली तर तिचे बीजांडकोश चाळवून जागे होतात. गरोदरपणाची पहिली भरवशाची चाचणी यातूनच निघाली. पुढे झोंडेकला असंही आढळलं की बीजांडकोशाला जागं करणारा एक पदार्थ पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतही भरपूर असतो. हे कोडंच होतं. जिचा बीजांडकोश थकून झोपला, तिच्याच शरीरात त्याला उठवणारा पदार्थ सगळ्यांत जास्त का असावा?

१९३१ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये फेवोल्ड, हिसॉ आणि लेनर्ड यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून असे दोन वेगवेगळे पदार्थ सुटे केले. त्यातला एक आपला एफ. एस. एच. मराठीत त्याला 'पुटकोद्दीपक संप्रेरक' असा दात पाडणारा शब्द आहे. पुटक म्हणजे बीजांडकोशातला तो इवलासा फोड, ज्यात स्त्रीबीज वाढतं. त्याला उद्दीपित करणारं, म्हणजे 'वाढ रे बाबा' असं सांगणारं संप्रेरक.

आता त्या कोड्याचं उत्तर. मी ते भाचीला वर्गाच्या उदाहरणाने सांगितलं, तुम्हालाही तसंच सांगते.

मास्तर हजेरी घेताहेत असं समजा. वर्ग भरलेला असला की मास्तरांनी हळू आवाजात नाव घेतलं तरी 'हजर!' असा गलका होतो. मुलं कमी झाली, मागच्या बाकांवरून उत्तर येईनासं झालं, की मास्तर आवाज चढवतात. वर्ग रिकामाच झाला तर ओरडतच राहतात. मेंदूतली ग्रंथी म्हणजे ते मास्तर आणि एफ. एस. एच. हा त्यांचा आवाज. वाढणारी पुटकं इन्हिबिन आणि इस्ट्रोजेन या दोन संप्रेरकांच्या रूपाने 'हजर' म्हणतात. ते ऐकू आलं की ग्रंथी आवाज उतरवते. पुटकं थोडी उरली की उत्तर क्षीण येतं आणि आवाज चढतो. पाळी आल्यावर तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं की हा आवाज किती आहे ते कळतं. साधारण १० च्या आत असला तर ठीक मानतात. पाळी कायमची गेलेल्या बाईत तो अनेक पटींनी चढलेला असतो.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्याकडे ६० ते ७० लाख बीजं असतात. जन्मताना १० ते २० लाख उरतात. वयात येते तेव्हा ३ ते ४ लाख. त्यातली महिन्याला एक याप्रमाणे जन्मभरात फार तर ४०० ते ५०० सुटतात. बाकीची आपोआप विरून जातात. सदतिशी-अडतिशीला २५ हजारांच्या आसपास राहतात आणि पाळी जाते तेव्हा हजारभर. काकूच्या उपासांनी यात एकाची भर पडली नसती, आणि तिच्या कुठल्या पापाने एक कमीही झालं नसतं.

आता या गोष्टीचा सगळ्यांत नवलाचा भाग.

मूल होत नाही अशा तरुण बायकांना बाहेरून एफ. एस. एच. दिलं तर? पुष्कळ बायकांचे बीजांडकोश ठणठणीत असतात, पण ग्रंथीचा आवाजच पोचत नसतो. स्वीडनमधल्या कार्ल गेमझेल यांनी १९५८ साली मृत माणसांच्या मेंदूतली ही ग्रंथी काढून तिच्या अर्काने उपचार केले. गुण आला. पण मृत शरीरं किती मिळणार? आणि पुढे ऑस्ट्रेलियात अशाच अर्कातून मेंदूचा एक जीवघेणा रोग काही बायकांना लागल्याचं उघडकीला आलं. १९८५ साली तिथे तो प्रकार कायमचा बंद झाला.

दुसरी वाट झोंडेकने दाखवून ठेवलीच होती, पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीची. रोममधल्या सेरोनो या औषध कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ पिएरो दोनिनी यांनी १९४० च्या दशकातच त्या लघवीतून हा पदार्थ शुद्ध करून ठेवला होता. नावही दिलं होतं, पर्गोनाल. पण त्याचं करायचं काय हे कुणाला सुचलं नाही, म्हणून तो दहा वर्षं पडून राहिला. मग ब्रूनो लुनेनफेल्ड नावाचा, व्हिएन्नात जन्मलेला एक तरुण ज्यू डॉक्टर त्यांच्याकडे आला. या पदार्थाने बायकांना मुलं होऊ शकतील असं त्याचं म्हणणं होतं. त्यासाठी हवी होती हजारो लिटर लघवी, आणि तीही पाळी गेलेल्या बायकांचीच. त्यात एखादीही गरोदर बाई असली तर तिच्यातलं दुसरं संप्रेरक मिसळून सगळाच माल बिघडला असता. कंपनीच्या संचालकांनी सुरुवातीला हे धुडकावून लावलं. पण संचालकांत दोन जुलिओ पाचेल्ली होते. हे पोप बाराव्या पायसचे पुतणे. त्यांनी मार्ग काढला. इटलीत म्हाताऱ्या नन्ससाठी आश्रम होते. पाळी गेलेल्या इतक्या बायका एका छपराखाली दुसऱ्या कुठे सापडणार, आणि त्यात कुणी गरोदर नसल्याची इतकी खात्री तरी कुठे मिळणार!

आश्रमांतून लघवी गोळा व्हायला लागली. टँकर भरून ती कारखान्यात जायची. एका बाईच्या एका उपचारासाठी दहा जणींची दहा दिवसांची लघवी लागे, असा हिशेब सांगतात. या औषधाने पहिली मुलगी जन्मली ती १९६२ साली, इस्रायलमध्ये. झोंडेक १९३३ साली ज्यू म्हणून बर्लिनमधून हाकलला गेला आणि पुढे जेरुसलेमला जाऊन राहिला. त्याच्या शोधाचं फळ त्याच देशात पहिल्यांदा रडलं.

पुढे १९८७ साली व्हॅटिकनने टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्राला अधिकृतपणे विरोध केला. तोवर आश्रमातल्या म्हाताऱ्यांनी जगभरच्या किती पाळण्यांना हातभार लावला असेल, याची मोजदाद कोण करणार? ज्यांनी जन्मभर मूल होऊ द्यायचं नाही असं व्रत घेतलं, त्यांच्या शरीरात मास्तर रिकाम्या वर्गात ओरडत होते आणि तो वाया जाणारा आवाज बाटलीत भरून दुसऱ्यांना दिला गेला. हे वाचलं त्या रात्री मला थोरली काकू फार आठवली. तिच्यातूनही हा पदार्थ वर्षानुवर्षं वाहून गेला असणार. १९९५ पासून युरोपात हे संप्रेरक प्रयोगशाळेत, चिनी हॅमस्टरच्या पेशींत तयार केलेलं मिळू लागलं. पण त्याआधी तीसेक वर्षं, मूल हवं असलेल्या बाईला बळ मिळालं ते पाळी गेलेल्या बाईकडूनच.

हाच अर्क आपल्याकडे कलकत्त्यात पोचला. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तो देऊन एका बाईच्या बीजांडकोशातून एकाहून जास्त बीजं मिळवली, गर्भ गोठवून ठेवला आणि नंतरच्या पाळीत गर्भाशयात सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ ला दुर्गा जन्मली. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन इंग्लंडमध्ये २५ जुलैला जन्मली होती, म्हणजे फक्त ७० दिवस आधी. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी संप्रेरक न देता, पाळीत आपोआप तयार झालेलं एकच बीज घेतलं होतं. मुखोपाध्याय यांची वाट पुढे जगभर रुळली. पण सरकारने नेमलेल्या समितीने त्यांना खोटं ठरवलं, बदली केली ती नेत्रविज्ञान संस्थेत, आणि १९ जून १९८१ ला त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. तपन सिन्हांचा 'एक डॉक्टर की मौत' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो त्यांच्यावरूनच सुचलेला.

मुंबईत केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी. भारतातली पहिली म्हणून तिचीच नोंद झाली. पुढे आनंदकुमारांच्या हाती मुखोपाध्यायांची टिपणं आली, त्यांनी ती तपासली आणि १९९७ साली जाहीरपणे सांगितलं की पहिला मान माझा नाही, त्यांचा आहे. स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव दुसऱ्या क्रमांकावर नेणारी माणसं इतिहासात फार थोडी भेटतात.

हर्षाच्या जन्माची बातमी मी शिक्षक-खोलीत वाचली. माझं लग्न होऊन एक वर्ष झालं होतं. मी तेव्हा ३६ वर्षांची. वडील लवकर गेले, मी थोरली, मागे तीन भावंडं. बहिणीच्या लग्नाचं पतपेढीचं कर्ज १९८४ साली फिटलं आणि १९८५ साली मी लग्न केलं. याचा पश्चात्ताप नाही, तेव्हाही नव्हता. पण ती बातमी वाचताना वाटलं, आपल्यालाही वाट आहे. चार वर्षं वाट बघून आम्ही मुंबईला गेलो. एका मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "बाई, उशीर झाला. बीजं संपत आली." दोन मिनिटांचं काम. ह्यांची तपासणी त्यांनी सांगितली नाही, आणि आम्ही विचारली नाही.

आता हे लिहितेच. येताना एस. टी.त माझ्या मनात आलं होतं की ह्यांचीही तपासणी व्हावी आणि त्यातही काहीतरी निघावं. म्हणजे सगळा भार माझ्या एकटीवर राहणार नाही. लगेच स्वतःची लाज वाटली. ह्यांनी तेव्हा वाईच्या वळणावर माझ्या हातात चण्याची पुडी दिली आणि म्हणाले, "रविवारी तुझी वह्यांची तपासणी राहिलीय ना? मी बेरजा करून देतो." तो विषय आमच्या घरात तिथेच संपला. हे २०१४ साली गेले. थोरल्या काकूला मागल्या दारी पाठवायला जसं कुणी लागलं नाही, तसं मलाही लागलं नाही. हातात आकडा घेऊन मी आपली आपणच गेले.

पुढे कळलं की तिसऱ्या दिवसाच्या एफ. एस. एच. वरून अंदाज बांधायची पद्धत अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या डॉक्टरांनी १९८८-८९ च्या सुमारासच मांडली होती. त्यांचा प्रश्न नेमका होता. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात इंजेक्शनं दिल्यावर कुठल्या बाईला भरपूर बीजं मिळतील आणि कुठल्या बाईला थोडी? आकडा त्याचं उत्तर बऱ्यापैकी देतो. मास्तर आधीच घसा फोडून ओरडत असतील तर बाहेरून आणखी एक भोंगा लावून मुलं वाढत नाहीत. चढलेल्या एफ. एस. एच. वर एफ. एस. एच. चीच इंजेक्शनं फारशी चालत नाहीत, ती यासाठी.

पण 'या बाईला कधी दिवस जातील का' हा वेगळा प्रश्न आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. ३० ते ४४ वयाच्या, आधी वंध्यत्वाचा त्रास नसलेल्या आणि नुकतीच सुरुवात केलेल्या ७५० बायका त्यात होत्या. ज्यांचा एफ. एस. एच. चढलेला होता किंवा ए. एम. एच. नावाचा दुसरा आकडा उतरलेला होता, त्यांना वर्षभरात दिवस जाण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी दिसलं नाही. महिन्याला लागतं एकच बीज, आणि उरलेली किती आहेत यावरून ते एक कसं आहे हे ठरत नाही. ते बरंचसं वयावर ठरतं. चाळिशीनंतर बीजातल्या गुणसूत्रांत चुका वाढतात, गर्भ राहायला वेळ लागतो, राहिलेला पडण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून डॉक्टरीणबाई 'वेळ दवडू नका' म्हणाल्या ते खरंच आहे. एखाद्या महिन्यात आकडा खाली आला म्हणून बीजं वाढत नाहीत, हेही खरं. आणि भाचीने दोन वर्षं वाट बघितलेली असल्यामुळे त्या ७५० जणींशी तिची तंतोतंत तुलना होत नाही. हे मी तिच्यापासून लपवलं नाही. एकदा कुणीतरी मला अर्धं सांगितलं होतं, ते पुरे झालं.

शिवाय आता दुसऱ्या स्त्रीचं बीज घेण्याची वाट आहे. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात, बीजांडकोश पूर्ण थांबलेल्या एका बाईला अशा बीजापासून मूल झालं. गर्भाशय त्या आकड्याला बांधलेलं नसतं, हे तेव्हा सिद्ध झालं. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने याचे नियम घातले आहेत. उपचार घेणाऱ्या बाईचं वय २१ ते ५०, बीज देणारीचं २३ ते ३५, आणि तिने जन्मात एकदाच द्यायचं. दत्तकाची वाट तर जुनीच. डलहौसी गेला, आता दत्तक नाकारून कुणी राज्य खालसा करत नाही. यातली कुठली वाट धरायची, की धरायचीच नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं. त्यात मावशीने बोलू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच भाचीला फोन केला. हजेरीचं उदाहरण सांगितलं. नन्सची गोष्ट सांगितली, तेव्हा ती रडता रडता हसली. "म्हणजे मावशी, मी आत्ताच म्हातारी नन झाले!" म्हटलं, अजून वर्गात मुलं आहेत गं तुझ्या. थोडी आहेत, पण आहेत. मग विचारलं, "जावईबापूंची तपासणी झाली का?" पलीकडे शांतता. नव्हती झाली. दोन वर्षं, तीन डॉक्टर आणि पंधरा-वीस कागद, सगळे हिच्याच नावाचे! काका-काकूंना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमचं घर अजून तिथेच उभं आहे की काय, असं वाटलं मला. म्हटलं, "आधी ते करून घ्या. या आठवड्यात. कुणाचं चुकलं ते शोधायला नाही गं. निम्मी गोष्ट न वाचता परीक्षेला बसू नये म्हणून."

ती रविवारी येते आहे. बरोबर तिची आईही येईल. मी शालूखालची पिशवी काढून टेबलावर ठेवली आहे. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय, पण २४ स्पष्ट वाचता येतो. बहिणीला काय आणि कसं सांगायचं, ते अजून ठरत नाहीये. माझं लग्न उशिरा का झालं हे तिला ठाऊक आहे, आणि हा कागद बघून ती नको तो हिशेब मांडत बसेल, याचीच मला धास्ती आहे. तिला म्हणेन, बाई गं, तू मला जी दिलीस ती ही समोर बसली आहे.

असो. फार लांबलं. रविवारसाठी पुरणाची डाळ निवडायची आहे.